जुने आयर्न, उतरते वय आणि हरवलेले अंतर: खर्च कोणत्या क्रमाने करावा

साठी ओलांडलेल्या गोल्फपटूला अंतर घटल्याची खात्रीशीर खूण ड्रायव्हरवर, म्हणजे सर्वांत लांब फटक्याच्या क्लबवर (चेंडू मारायच्या काठीवर), मिळत नाही, ती आयर्नवर, म्हणजे ग्रीनकडे मारायच्या क्रमांकित धातूच्या क्लबांवर, मिळते. ड्रायव्हरचा फटका उन्हाळ्यातील कडक फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्यावर) घरंगळत जाऊन वीस यार्डांची तूट सहज झाकून टाकतो. परंतु ज्या होलवर पूर्वी सात क्रमांकाच्या आयर्नने चेंडू ग्रीनच्या (छिद्राभोवतीच्या बारीक गवताच्या) मध्यावर उतरत असे, तिथे तो पुढच्या बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) पडू लागला, की शंकेला जागा उरत नाही. खांदे आणि कंबर पूर्वीइतकी वळत नाहीत, मनगटात धरलेला कोन लवकर सुटतो आणि स्विंगचा वेग उतरतो. बॅगेतील आयर्न मात्र पंचेचाळिशीत घेतलेले, जड पोलादी शाफ्टचे (दांड्याचे) आणि त्या वेळच्या वेगाला जुळणारेच राहतात.

अशा वेळी बहुतेक जण थेट नवा संच विकत घेतात. तो निर्णय नेहमीच चुकीचा नसतो, पण तो क्रमाने शेवटचा असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी मोजणी, मग आहे त्या क्लबांची दुरुस्ती, मग शाफ्ट, मग लांब (कमी क्रमांकाच्या, जास्त अंतराच्या) आयर्नची हकालपट्टी आणि त्यानंतरही उणीव उरली तरच नवी हेडे (क्लबची चेंडूला लागणारी टोके), या क्रमाने गेल्यास अनेकांचे काम निम्म्या वाटेतच भागते.

क्रमांकाच्या मागचा लॉफ्ट

दुकानातील नवा सात क्रमांकाचा आयर्न पहिल्याच फटक्याला पंधरा यार्ड जास्त गेला, म्हणून हुरळून जाण्यापूर्वी त्याचा लॉफ्ट, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या पृष्ठभागाचा (चेहऱ्याचा) मागे कललेला कोन, विचारावा. ऐंशीच्या दशकातील बहुतेक संचांत सात क्रमांकाचा लॉफ्ट ३५ ते ३६ अंशांच्या आसपास असे. आज टायटलिस्टच्या टी१०० या कुशल खेळाडूंसाठीच्या आयर्नमध्ये तो ३४ अंश आहे, टेलरमेडच्या पी७९० मध्ये ३०.५ अंश आहे, तर पिंगच्या जी४३० मध्ये २९ अंश आहे. म्हणजे आजचा २९ अंशांचा सात क्रमांक हा जुन्या हिशेबाने जवळजवळ पाच क्रमांक आहे, आणि जुन्या सातची नव्या सातशी केलेली तुलना मुळात दोन वेगळ्या क्लबांची तुलना ठरते.

यात फसवणूक आहे, असेही म्हणता येत नाही. नव्या हेडांचा गुरुत्वमध्य खाली आणि मागे सरकवलेला असतो, चेहरा पातळ आणि लवचीक असतो, त्यामुळे कमी लॉफ्ट असूनही चेंडू पुरेसा उंच उडतो. अडचण एवढीच, की ही उंची स्विंगच्या वेगावर अवलंबून असते. ताशी ८५ मैलांनी सात क्रमांक फिरवणाऱ्याला २९ अंशांचा क्लब उंच आणि लांब फटका देईल. ताशी ६८ मैलांनी फिरवणाऱ्याच्या हातात तोच क्लब चेंडू सपाट उडवील, तो ग्रीनवर टप्पा घेईल आणि मागच्या उतारावरून खाली जाईल. कागदावर अंतर वाढलेले दिसेल, स्कोअरकार्डावर त्याचा उपयोग शून्य. म्हणून पुढील प्रत्येक पायरीवर एकच कसोटी लावावी: चेंडू हवेतून किती गेला आणि पडल्यावर थांबला का?

पहिली पायरी: मोजणी

ट्रॅकमॅन किंवा त्या दर्जाच्या लाँच मॉनिटरवर (फटक्याचा वेग आणि उड्डाण मोजणाऱ्या यंत्रावर) एक तास घालवणे ही या साऱ्या उद्योगातील सर्वांत फायदेशीर गुंतवणूक आहे. मोठ्या शहरांतील काही ड्रायव्हिंग रेंज, प्रशिक्षक आणि इनडोअर सिम्युलेटर केंद्रे ही सोय देतात. जाताना आपले नेहमीचे चेंडू न्यावेत, कारण रेंजवरचे झिजलेले चेंडू कमी जातात आणि सारे आकडे बिघडवतात. अंग मोकळे झाल्यावर सात, पाच आणि पिचिंग वेज (जवळच्या, उंच फटक्यांचा क्लब) या तीन क्लबांचे प्रत्येकी आठ-दहा फटके पुरेत. त्यापुढे थकवा मोजला जातो, क्लब नव्हे. सर्वोत्तम फटका विसरून जावा आणि सरासरी लिहून घ्यावी. क्लबचा वेग, चेंडूचा वेग, उड्डाणकोन, हवेतील अंतर म्हणजे कॅरी आणि उतरण्याचा कोन हे पाच आकडे हवेतच.

हे आकडे कशाशी ताडावेत, हा खरा प्रश्न आहे. ट्रॅकमॅनने प्रसिद्ध केलेल्या आणि अनेक वर्षे प्रचलित असलेल्या तक्त्यात पीजीए टूरवरील (अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धांतील) पुरुषांच्या सात क्रमांकाच्या आयर्नची सरासरी अशी आहे: क्लबचा वेग ताशी ९० मैल, चेंडूचा वेग १२० मैल, उड्डाणकोन १६.३ अंश, कॅरी १७२ यार्ड. हे आकडे ज्येष्ठ हौशी खेळाडूच्या काहीच कामाचे नाहीत. त्याने एलपीजीए टूरवरील महिलांची ओळ वाचावी: क्लबचा वेग ७६ मैल, चेंडूचा वेग १०४ मैल, उड्डाणकोन १९ अंश, कॅरी १४१ यार्ड आणि उतरण्याचा कोन ४७ अंश. या खेळाडू कमी वेगाची भरपाई जास्त उंच उड्डाणाने आणि अचूक आघाताने करतात. पुरुषांचा चेंडू क्लबच्या १.३३ पट वेगाने सुटतो, त्यांचा १.३७ पट. उतरत्या वयातील खेळाडूने नेमके हेच अनुकरण करायचे आहे.

या दोन ओळींतील फरकातून आणखी एक उपयोगी हिशेब निघतो. चेंडूच्या वेगात १६ मैलांचा फरक आहे आणि कॅरीत ३१ यार्डांचा; म्हणजे चेंडूचा वेग ताशी एक मैलाने वाढला तर साधारण दोन यार्ड मिळतात. आता समजा, आपला क्लब ६८ मैलांनी फिरतो. आघात मध्यावर बसला आणि गुणोत्तर १.३३ आले, तर चेंडू ९० मैलांनी सुटेल. टोच्या (हेडच्या बाहेरच्या टोकाच्या) बाजूला बसला आणि गुणोत्तर १.२३ वर घसरले, तर ८४ मैलांच्याही खाली जाईल. स्विंग तोच, पण बारा-तेरा यार्ड गेले. कित्येकांच्या ‘वयामुळे’ गमावलेल्या अंतरातला मोठा वाटा असा चेहऱ्यावरच सांडलेला असतो. तो पाहण्यासाठी पायांना मारायचा पावडरचा स्प्रे क्लबच्या चेहऱ्यावर मारावा आणि ठसे कुठे उमटतात ते तपासावे. ठसे विखुरलेले असतील तर जुने पातळ ब्लेड आयर्न बदलण्याचे कारण सापडले. ठसे एकवटलेले पण कायम टोच्या बाजूला असतील तर दोष बहुधा लांबीचा, लायचा (शाफ्ट आणि हेडचा तळ यांतील कोनाचा) किंवा उभे राहण्याच्या अंतराचा आहे, आणि तो स्वस्तात सुटतो.

दुसरी पायरी: आहे त्याच क्लबांची डागडुजी

ग्रिपपासून सुरुवात करावी. गाडीच्या डिकीत वैशाखाचे ऊन खाल्लेले रबर कडक आणि गुळगुळीत होते; अशी ग्रिप नकळत आवळून धरली जाते, मनगटे ताठरतात आणि वेग आणखी कमी होतो. बोटांच्या सांध्यांत दुखत असेल तर नेहमीच्या मापाऐवजी मिडसाइझ ग्रिप घ्यावी. मात्र जाड ग्रिप सहसा जडही असते आणि ग्रिपच्या बाजूला सुमारे चार-पाच ग्रॅम वाढले की स्विंगवेट एका अंकाने उतरते, म्हणजे हेड हलके भासू लागते. हा बदल काहींना मानवतो, काहींना नाही.

त्यानंतर लॉफ्ट आणि लाय मोजणाऱ्या यंत्रावर सगळा संच तपासून घ्यावा. फोर्ज्ड (ठोकून घडवलेल्या) आयर्नचे मऊ पोलाद वर्षानुवर्षे चटयांवर आपटून हळूहळू वाकते, आणि तेही प्रत्येक क्लबात सारखे नाही. सहा आणि सात क्रमांकांत केवळ दोन अंशांचे अंतर आणि सात व आठमध्ये सहा अंशांचे, असे निघाले तर आश्चर्य मानू नये. अशा संचात एखादे अंतर ‘हरवलेले’ वाटते, कारण ते गाठणारा क्लबच उरलेला नसतो.

लाय घरीही तपासता येते. चेंडूवर जाड मार्करने रेषा काढावी, ती उभी आणि क्लबकडे तोंड करून ठेवावी आणि फटका मारावा. चेहऱ्यावर उमटलेली रेषा उभी असेल तर लाय बरोबर आहे. तिचे वरचे टोक टोच्या बाजूला झुकले असेल तर क्लब जास्त उभा आहे आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे जाईल. हीलकडे (शाफ्टजवळच्या बाजूला) झुकले असेल तर याच्या उलट.

लॉफ्ट दोन अंशांनी कमी करून चार-पाच यार्ड मिळवण्याचा सल्ला बऱ्याचदा दिला जातो. फोर्ज्ड हेडांत हे काम सोपे आहे. १७-४ जातीच्या कडक ओतीव पोलादाची हेडे मात्र वाकवताना तुटू शकतात आणि ती जाणकाराकडेच द्यावीत. पण मुळात हा उपाय कमी वेगाच्या खेळाडूला मी सुचवणार नाही. चेंडू खाली उडतो हे एक, आणि लॉफ्ट जितके अंश कमी होतो तितकाच तळाचा बाउन्सही (हेड जमिनीत रुतू न देणारा कोन) कमी होतो, हे दुसरे. पावसाळ्यात भिजलेल्या फेअरवेवर कमी बाउन्सचा आयर्न जमिनीत रुततो आणि मिळवलेले चार यार्ड एका फॅट (चेंडूआधी जमिनीला लागलेल्या) फटक्यात वीस यार्डांनी परत जातात.

चेहऱ्यावरच्या खाचा झिजल्या असतील तर त्या साफ कराव्यात. घासून खोल करू नयेत. १ जानेवारी २०१० पासून तयार होणाऱ्या क्लबांच्या खाचांवर कडक मर्यादा आल्या आहेत, आणि घरी कोरलेल्या खाचा नियमांत बसतील याची खात्री देता येत नाही.

तिसरी पायरी: शाफ्ट

खरा फरक इथे पडतो, आणि दुर्लक्षही इथेच सर्वाधिक होते. जुन्या चांगल्या संचांत बहुधा डायनॅमिक गोल्ड जातीचा पोलादी शाफ्ट असतो आणि त्याचे वजन सुमारे १३० ग्रॅम भरते. निप्पॉनचा एन. एस. प्रो ९५०जीएच हा हलका पोलादी शाफ्ट १९९९ मध्ये आला आणि त्याने हेच काम १०० ग्रॅमच्या आत आणले. आजचे आयर्नसाठीचे ग्राफाइट शाफ्ट ५० ग्रॅमपासून ९० ग्रॅमच्या पुढेपर्यंत मिळतात. म्हणजे हेड तेच ठेवूनही प्रत्येक क्लबातून तीस ते सत्तर ग्रॅम उतरवता येतात.

यातून वेग किती वाढेल, याबद्दल अवास्तव अपेक्षा ठेवू नये. ताशी दोन-तीन मैल मिळाले तरी उत्तम, आणि काहींना काहीच मिळत नाही. फायदा दुसरीकडे दिसतो: चौदाव्या होलनंतर दमलेल्या खांद्यांनाही क्लब वेळेवर चेंडूपाशी आणता येतो, आघात मध्यावर बसतो, आणि ग्राफाइट असेल तर कोपराला बसणारा झटका कमी होतो. टेनिस एल्बो झालेल्या खेळाडूसाठी तर अंतराचा विचार बाजूला ठेवूनही ग्राफाइट योग्य.

फ्लेक्सच्या, म्हणजे शाफ्टच्या लवचीकतेच्या, अक्षरांवर विसंबू नये. रेग्युलर आणि सीनियर या शब्दांना सर्व कंपन्यांत समान असे कोणतेही माप नाही. एका कंपनीचा रेग्युलर दुसरीच्या स्टिफइतका ताठ असू शकतो. वजन आधी ठरवावे, मग वाक. माझा अंदाज असा, की सात क्रमांकाचा वेग ७५ मैलांच्या वर असेल तर ९० ते १०५ ग्रॅमचा हलका पोलादी शाफ्ट पुरतो. ६५ ते ७५ मैलांत ६५ ते ८० ग्रॅमचा ग्राफाइट शोभतो. त्याखाली ६० ग्रॅमच्या आसपासचा पाहावा. अंगाने धिप्पाड आणि सावकाश लयीत खेळणाऱ्या माणसाला मात्र फार हलका क्लब मानवत नाही, कारण हाताला हेड कुठे आहे तेच कळेनासे होते आणि स्विंगच्या वरच्या टोकापासूनच घाई सुरू होते.

शाफ्ट हलका केला की स्विंगवेटही उतरते. ढोबळ हिशेब असा, की शाफ्टमधून सुमारे नऊ ग्रॅम कमी झाले की एक अंक कमी होतो आणि हेडमध्ये दोन ग्रॅम वाढवले की एक अंक परत मिळतो. म्हणजे पन्नास ग्रॅम उतरवल्यावर स्विंगवेटच्या मापावर डी२ असलेला क्लब सी६-सी७ पर्यंत खाली येऊ शकतो. शाफ्टच्या टोकात बसणारे वजन किंवा हेडच्या मागे लावलेली शिशाची पट्टी यांनी दोन-तीन अंक परत आणावेत. सगळे आणण्याची गरज नसते. अर्धा इंच लांबी वाढवली तर साधारण तीन अंक मिळतात, पण लांब क्लब मध्यावर मारणे कठीण आणि त्यात लायही बदलते, म्हणून हा मार्ग उंच खेळाडूंनीच पाहावा.

शाफ्ट मागवण्यापूर्वी होझलचे (हेडच्या शाफ्ट बसणाऱ्या नळीचे) माप तपासणे अत्यावश्यक आहे. ०.३५५ इंचाचे निमुळते टोक आणि ०.३७० इंचाचे समांतर टोक असे दोन प्रकार असतात आणि ते आपसांत बसत नाहीत. निमुळते शाफ्ट प्रत्येक क्रमांकासाठी ठरावीक लांबीचे येतात; समांतर शाफ्ट टोकाकडून कापून जुळवावे लागतात आणि टोकाकडून जास्त कापले की ते ताठ होतात. पोलादी शाफ्ट हीट गनने होझल तापवून, पिळून काढता येतो. ग्राफाइट असा पिळला तर त्याचे तंतू फाटतात, म्हणून तो सरळ खेचणाऱ्या यंत्राने काढावा लागतो. नवा शाफ्ट एपॉक्सीने चिकटवल्यावर पूर्ण एक दिवस हात लावू नये. घाई केलेले हेड चेंडूपेक्षा लांब गेल्याच्या कथा प्रत्येक क्लब-हाउसमध्ये ऐकायला मिळतात.

सर्वांत महत्त्वाची सूचना: संपूर्ण संच एकदम बदलू नये. फक्त सात क्रमांकाचा शाफ्ट बदलावा, महिनाभर तोच खेळावा आणि पुन्हा त्याच लाँच मॉनिटरवर, त्याच चेंडूंनी मोजावे. कॅरीची सरासरी पाच यार्डांनी वाढली असेल किंवा फटक्यांचा विस्कळीतपणा स्पष्टपणे कमी झाला असेल, तर उरलेले क्लबही शाफ्ट बदलायला द्यावेत. तसे काही झाले नसेल तर एका शाफ्टच्या किमतीत धडा मिळाला.

चौथी पायरी: तीन, चार आणि पाच क्रमांकांना निरोप

हा निर्णय भावनेचा असतो, एरवी त्यात गुंतागुंत काही नाही. कमी वेगाला लांब आयर्न उंच उडत नाहीत. पाच आणि सहा क्रमांकांची कॅरी जवळजवळ एकच निघते. मोजणीच्या वहीत शेजारच्या दोन क्लबांत आठ यार्डांहून कमी फरक दिसला किंवा उतरण्याचा कोन चाळीस अंशांच्या खाली गेला, तर त्यांतील लांब क्लब बॅगेत ठेवण्यात अर्थ नाही. त्याच्या जागी हायब्रिड (आयर्न आणि वुड यांच्या मधला क्लब) घ्यावा; पाच क्रमांकाचा हायब्रिड साधारण २५ अंशांचा आणि सहाचा २८ अंशांच्या आसपास असतो. ज्यांचा चेंडू हायब्रिडनेही खालीच उडतो त्यांनी २१ अंशांचा सात वुड (मोठ्या, गोलसर हेडचा क्लब) किंवा २४ अंशांचा नऊ वुड जरूर मारून पाहावा. रफमधून (वाढलेल्या गवतातून) हायब्रिड सोपा पडतो, फेअरवेवरून वुड जास्त उंच जातो. वुडचा शाफ्ट लांब असल्याने काहींना तो मध्यावर बसत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

कित्येकांचे काम इथे संपते: जुनी सहा किंवा सात ते पिचिंग वेज ही हेडे, नवे हलके शाफ्ट, नव्या ग्रिप आणि वर दोन-तीन हायब्रिड किंवा वुड.

पाचवी पायरी: तरीही नवी हेडे हवी असतील तर

ठसे विखुरलेले असतील, तर नवे हेड घेणे योग्यच आहे. रुंद तळाचे, कडांना वजन दिलेले आणि गुरुत्वमध्य खाली असलेले हेड निवडावे. जपानी झेक्सिओसारखे संच मुळातच मध्यम वेगाच्या खेळाडूंसाठी, हेडपासून ग्रिपपर्यंत हलके, असे घडवलेले असतात. किंमत मात्र हलकी नसते. चाचणी घेताना नव्या सातची तुलना जुन्या सातशी न करता समान लॉफ्टच्या जुन्या क्लबशी करावी, म्हणजे २९ अंशांच्या नव्या क्लबाशेजारी जुना पाच क्रमांक ठेवावा. नवा क्लब त्याच्याइतका लांब, पण अधिक उंच जात असेल आणि ४५ अंशांच्या आसपास उतरत असेल, तर पैसे सार्थकी लागले.

आयात शुल्कामुळे नवे संच आपल्याकडे महागच पडतात, आणि दोन-तीन वर्षे वापरलेला संच हा म्हणूनच शहाणा पर्याय ठरतो. ओळखीच्या सभासदाकडून किंवा अधिकृत विक्रेत्याकडून घ्यावा, कारण नामांकित कंपन्यांच्या हुबेहूब नकला बाजारात फिरतात. अनुक्रमांक पडताळावा, हेडची आणि शाफ्टची वजने काट्यावर पाहावीत, अवास्तव स्वस्त संचापासून दूर राहावे.

नव्या संचाबरोबर वेजचा प्रश्न हमखास येतो. जी४३० चा पिचिंग वेज ४१ अंशांचा आहे. बॅगेतला जुना सँड वेज (वाळूतून मारायचा क्लब) ५६ अंशांचा असेल तर मध्ये पंधरा अंशांची दरी पडते, आणि शंभर यार्डांच्या आतला खेळ, म्हणजे ज्येष्ठांचे खरे बलस्थान, तिथेच अडखळतो. ४५-४६ आणि ५०-५१ अंशांचे दोन वेज त्यात बसवावे लागतात. तो खर्च आधीच धरावा. चौदा क्लबांची मर्यादा पाळण्यासाठी जागा वरच्या लांब आयर्ननी रिकामी करून दिलेलीच असते.

शेवटचे काम: कॅरीची नवी चिठ्ठी

बदल पूर्ण झाल्यावर प्रत्येक क्लबची कॅरी एका छोट्या चिठ्ठीवर लिहून बॅगेला लावावी. ती कुठे मोजली हेही नोंदवावे, कारण पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि विरळ हवेमुळे तिथे चेंडू मुंबईपेक्षा दोन ते तीन टक्के जास्त जातो. येरवड्याला १३० यार्ड जाणारा क्लब चेंबूरला तीन-चार यार्ड कमी भरेल, आणि तेवढ्यात बंकर ओलांडायचा राहून जातो.

चिठ्ठीची एक प्रत कॅडीलाही (बॅग वाहणाऱ्या मदतनिसालाही) द्यावी. वर्षानुवर्षे आपला खेळ पाहिलेला कॅडी सवयीने ‘सर, सात’ म्हणून क्लब पुढे करतो, आणि त्याच्या डोक्यातला सात हा जुन्या संचाचा असतो. पहिले काही आठवडे त्याला क्लब विचारू नये, ग्रीनच्या पुढच्या कडेपर्यंतचे आणि झेंड्यापर्यंतचे अंतर विचारावे, आणि क्लब चिठ्ठी पाहून स्वतः काढावा.